मूळ स्वरूपाचा हट्ट

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक वाक्य वेदवाक्यासारखं फिरतं: गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे. वीस-पंचवीस वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार बाहेर काढायची असेल तर खुशाल काढा, धुवा-पुसा, चालू करा, पण तिच्यात काही सुधारायला जाऊ नका. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला की गाडी बाटली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले की ती ‘खरी’ राहिली नाही. हा आग्रह क्लबांपुरता आणि स्पर्धेतल्या परीक्षकांच्या गुणपत्रिकेपुरता होता तोवर तो हौसेचा मामला होता. पण १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने तो कायद्यात आणून बसवला. पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात राखलेली हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल झाला असेल अशी मोठी दुरुस्ती तिच्यावर झालेली नसावी, असं तो नियम सांगतो. ऐकायला हे गाडीच्या बाजूचं वाटतं. प्रत्यक्षात दीर्घकाळ पडून राहिलेल्या गाडीला वाचवण्याची वाटच त्यातून बंद होते. जाणून-समजून केलेल्या, हव्या तेव्हा परत काढता येतील अशा सुधारणा हाच त्या गाडीच्या जतनाचा भाग आहे, आणि भिलाईसारख्या गावात तर त्यांना पर्यायच नाही.

आधी ‘मूळ’ या शब्दाकडेच बघू. ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार नावाची जी जात आहे, ती जन्माला आली तीच दुसऱ्या गाड्यांमध्ये फेरफार करून. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या या गॅरेजचा कारभार सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात हाती घेतला आणि साध्यासुध्या मॉरिस गाड्यांवर वेगळी बॉडी चढवून, इंजिन थोडं तेज करून त्या विकायला सुरुवात केली. १९५३ची ट्रायम्फ टीआर-टू ही तर तरुणांच्या स्वप्नातली गाडी, पण तिच्या बॉनेटखालचं १९९१ सीसीचं इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या कुटुंबवत्सल गाडीचं होतं आणि फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या इंजिनाचं सख्खं भावंड होतं. १९६२ची ट्रायम्फ स्पिटफायर म्हणजे हेराल्डची चॅसी आखूड करून तिच्यावर चढवलेली देखणी बॉडी. तीच हेराल्ड १९६१पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून तयार होत होती. एमजीए १९५५मध्ये आली ती १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन घेऊन. हेच इंजिन चार वर्षांनी उत्तरपाड्याच्या अँबॅसडरमध्ये आलं आणि पुढे तीसेक वर्षं तिथेच राहिलं. म्हणजे भिलाईच्या सेक्टरांमधून साहेबांना पोलाद प्लँटवर पोचवणाऱ्या पांढऱ्या अँबॅसडरच्या पोटात जे इंजिन धडधडत होतं, ते एमजीएच्याच कुळातलं. तेव्हा एमजीएला अँबॅसडरचा वॉटर पंप किंवा टायमिंग चेन बसवली तर जी मंडळी नाक मुरडतात, त्यांनी नेमकं कोणाच्या नावाने मुरडलं हे एकदा ठरवावं. घरातल्याच माणसाला पंक्तीतून उठवण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय या गाड्या कारखान्यातही कधी एका रूपात थांबल्या नाहीत. एमजीए पुढच्या चाकांना ड्रम ब्रेक घेऊन आली. १९५९मध्ये १६०० हे मॉडेल निघालं तेव्हा ॲबिंग्डनच्याच कारखान्याने तिला पुढे डिस्क दिल्या. एमजीबी १९६२मध्ये तीन मेन बेअरिंगच्या क्रँकवर निघाली आणि १९६४ संपायच्या आत पाच बेअरिंगवर गेली. १९६७च्या अखेरीस तिचा डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि पॉझिटिव्ह अर्थची उलटी वायरिंग सुलटी झाली. ज्या बदलांना आज पाखंड म्हटलं जातं ते बहुतेक सगळे त्या गाड्या घडवणाऱ्या इंजिनिअरांनी स्वतःच, पाच-सात वर्षांच्या अंतराने केलेले आहेत. १९५६च्या एमजीएला १९६०च्या एमजीएचे ब्रेक बसवणारा माणूस इतिहास बिघडवत नाही. कारखान्याने तीच गाडी पुन्हा आपल्या हाती घेतली असती तर जे केलं असतं, ते तो करतो.

आता दुसरी गोष्ट. ‘गाडी जशीच्या तशी जपून ठेवली आहे’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं: काळ थांबलाय आणि ताडपत्री उचलली की १९६५ साल पुन्हा सुरू. लोखंडाला हे कोणी सांगितलेलं नसतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते पाणी व्हील सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि बोअरला आतून बारीक खड्डे पाडतं. असा सिलिंडर काढून नवं रबर टाकलं, वर पॉलिश मारली, की पंधरा दिवस काम चालतं. मग एका उतारावर पॅडल जमिनीला टेकतं. यावर खरा उपाय दोनच. एक तर इंग्लंडहून नवा सिलिंडर मागवायचा, नाही तर जुन्याचं बोअर मोठं करून आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह ठोकून मूळ मापावर आणायचं. दुसऱ्या उपायात गाडीचं मूळ ओतकाम गाडीवर राहतं आणि धातू मात्र बदलतो. हा बदल की जतन? कट्टर मंडळींच्या व्याख्येत याचं उत्तर नाही, कारण त्यांच्या व्याख्येत गंज हा प्रकारच धरलेला नाही. एमजीएच्या पायाखालचा तळ प्लायवूडचा असतो. त्याआधीच्या एमजी टीसीची तर सगळी बॉडीच अ‍ॅश लाकडाच्या चौकटीवर उभी. छत्तीसगडच्या पावसाळ्यात आणि इथल्या वाळवीपुढे त्या लाकडाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. तिथे सागवानाची चौकट बसवणारा सुतार गाडीचा अपमान करतो की गाडीला उभी ठेवतो?

याच ‘जपण्या’तला एक लाडका रिवाज म्हणजे महिन्यातून एकदा शेडमध्येच पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं. यासारखा दुसरा शत्रू नाही. इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून झालेलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही, ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. गाडीला अर्धा तास रस्त्यावर न्यावं लागतं, तेव्हा कुठे ती आतून कोरडी होते. नियम मात्र व्हिंटेज गाडीला नेहमीच्या वापराला मनाई करतो आणि प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्याच कामांना रस्त्यावर यायची मुभा देतो. यातली ‘दुरुस्ती’ उदार मनाने वाचली तरच गाडी जिवंत राहील.

आणि समजा, गाडी खरोखर जशीच्या तशी आहे. पण बाकीचं जग? तिच्या टाकीत पडणारं पेट्रोल मूळचं नाही. शिसं असलेलं पेट्रोल या देशात २००० साली बंद झालं. त्या शिशाचा थर जुन्या ओतीव हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला राखत असे. तो गेल्यावर बैठक झिजत आत जाते, टॅपेटची फट सारखी नाहीशी होते आणि एक दिवस व्हॉल्व्ह जळतो. म्हणून हेड उघडलंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घेणं हे कुठलाही जाणता मिस्त्री सांगेल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ते जुन्या रबरी नळ्या मऊ करून सोडतं, टाकीत साठलेला गाळ सोडवून कार्बोरेटरमध्ये आणून टाकतं, पाणी ओढतं, आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे इंजिनाला मिश्रण पातळ मिळतं. एसयू कार्बोरेटरमध्ये एक निमुळती सुई असते, पिस्टनबरोबर वर-खाली होणारी. तिच्या जाडीवर पेट्रोल किती जायचं ते ठरतं. नव्या पेट्रोलला थोडी बारीक सुई लागते. केसाच्या जाडीचा फरक, पण तो न केला तर मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, भिलाईच्या जी. ई. रोडवर सिग्नलला उभी असलेली गाडी तापून बंद पडते. आता सांगा, जुनी सुई ठेवली तर गाडी मूळ राहिली का? ती गाडी घडवणाऱ्या इंजिनिअराला इंजिनाला अमुक इतकं पेट्रोल मिळावं असं वाटत होतं. सुई बदलल्यावरच ते मिळतं.

रस्त्याचंही तेच. पोलादाची कॉइल लादलेला ट्रेलर मागून येतोय आणि पुढे स्कूटीने अचानक वळण घेतलं, अशा ठिकाणी ड्रम ब्रेकची निष्ठा कामाला येत नाही. डायनॅमो वीस-बावीस अँपिअर देताना धापा टाकतो. त्यावर चांगले दिवे, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा आणि मागच्याला दिसतील असे इंडिकेटर चालत नाहीत. एमजीएत आणि सुरुवातीच्या एमजीबीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत; त्यांच्या जागी बारा व्होल्टची एक बसवली तर काय बिघडतं, हे मला अजून कोणी पटण्यासारखं सांगितलेलं नाही. सीटबेल्टला विरोध करणारेही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

भिलाईचा उल्लेख मी मुद्दाम करतोय. इथल्या पोलाद कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला पहिली झोतभट्टी पेटली. इंग्रजांच्या मदतीचा कारखाना दुर्गापूरला गेला, जर्मनांचा राउरकेल्याला. त्यामुळे या रशियन वळणाच्या गावात ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार तशी पाहुणीच. इथलं पोलादही रुळांचं आणि प्लेटांचं, गाडीच्या पत्र्याचं नव्हे. पण गाडीला लागतं ते पत्र्यापेक्षा वेगळंच काही, आणि ते इथे भरपूर आहे. हातखोज आणि लाइट इंडस्ट्रियल एरियातल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत प्लँटसाठी शाफ्ट, बुश, रोल, गिअर करून देणारे टर्नर आहेत, मायक्रोमीटरवर बोलणारी माणसं आहेत. पितळेची स्लीव्ह, किंगपिनचे बुश, फुटलेल्या मॅनिफोल्डचं ओतीव वेल्डिंग, बोअरिंग आणि हेड फेसिंग यांसाठी इथून मुंबई-पुण्याकडे धावायची गरज नाही. इंग्लंडहून मागवलेला सुटा भाग कस्टम आणि कुरिअर धरून दारात येईपर्यंत सोन्याच्या भावाचा होतो; तोच भाग इथे नमुना समोर ठेवून तयार होतो, आणि बऱ्याचदा मूळच्यापेक्षा बऱ्या धातूचा होतो. मूळ स्वरूपाचा हट्ट नेमकं हेच कौशल्य नाकारतो. लिव्हरपूलहून आलेल्या डब्याला मान आणि हातखोजच्या लेथवर उतरलेल्या बुशला नाही, हा जुना रोग आहे आणि त्याचं औषध गॅरेजमध्ये मिळत नाही.

याचा अर्थ मूळ गाडीची माहिती नको असा कोणी काढू नये. उलट सुधारणा करणाऱ्यालाच ती जास्त लागते. हेराल्डच्या आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकांचं उदाहरण घ्या. स्टिअरिंग फिरवलं की चाकाचा उभा खांब खाली एका पितळी ट्रनियनच्या आट्यांत फिरतो. कारखान्याची सूचना स्पष्ट होती: इथे घट्ट गिअर ऑइल भरा, ग्रीस नको. आपल्याकडे ‘ग्रीसिंग’ म्हणजे गाडी वर उचलून दिसेल त्या निपलला ग्रीसची पिचकारी मारायची, अशी रीत पडली. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, पोचलं तरी सुकून बसतं, खांबाच्या आट्यांत पाणी शिरतं, आणि वळणावर खांब तुटून चाक आडवं होतं. अशी गाडी मूळच्या रूपात असते, एकही भाग बदललेला नसतो आणि तरीही ती घातक असते. म्हणून ‘मूळ की सुधारलेली’ हा प्रश्नच मला उपरा वाटतो. कळून केलंय की न कळता, हे बघा.

यावर पहिला आक्षेप येतो तो घसरणीचा: आज अल्टरनेटर, उद्या जपानी इंजिन, परवा मोटर आणि बॅटरी, मग थांबायचं कुठे? आक्षेप खोटा नाही. न थांबलं की काय होतं याचा नमुना आपल्याच देशात आहे. १९८५मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ आणली. बॉडी रोव्हर एसडी-वनची, जी १९७७ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली होती आणि जिच्यात आठ सिलिंडरचं इंजिन शोभत होतं. आपल्याकडे त्या बॉडीत बसवलं व्हॅनगार्डच्या काळातलं १९९१ सीसीचं इंजिन. १९८८पर्यंत खेळ संपला. नवं आणि जुनं एकमेकांशी न बोलता एकत्र कोंबलं की हे असं होतं. उलट दिशेने केलं तरी तसंच होईल. एमजीएत अँबॅसडर १८०० आयएसझेडचं इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसतो का, बसेल, पण त्यासाठी क्रॉस मेंबर कापावी लागली तर मी त्या माणसाच्या बाजूला उभा राहणार नाही. इलेक्ट्रिक रूपांतराबद्दलही माझं मत तेच: गाडीचा आवाज, कंप, गिअरची खटखट, तापलेल्या ऑइलचा वास काढून घेतल्यावर जे उरतं तो देखणा पत्रा आहे, आणि देखणे पत्रे दुकानात मिळतात.

थांबायचं कुठे याची रेघ मात्र आखता येते आणि जगाने ती आखलेलीही आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिन सनद जतनाबरोबरच वापरालाही महत्त्व देते. सुरक्षिततेसाठी बदल करावाच लागला तर तो डोळ्यांत न खुपणारा, नोंदवून ठेवलेला आणि परत काढता येण्यासारखा असावा, काढलेले भाग गाडीबरोबर ठेवावेत, असं ती सांगते. खुद्द इंग्लंडात मोठे फेरफार झालेल्या गाडीची जुनी नोंदणी टिकवायची का, हे ठरवण्यासाठी तिथल्या डीव्हीएलए या वाहन नोंदणी संस्थेने वर्षानुवर्षं वापरलेली गुणपद्धत बघा. आठ गुण लागत. चॅसीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला एक. ज्यांची गाडी आहे त्यांनी इंजिनाला एक गुण द्यावा आणि आपण त्यावरून गाडीचा धर्म ठरवावा! माझी स्वतःची कसोटी याहून सोपी आहे: बदल करताना मूळ धातूला करवत लागली का? आणि एका रविवारी पान्यांचा डबा घेऊन बसलं तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी होते का? पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो असेल, तर भांडण मिटलं.

दुसरा आक्षेप किमतीचा. चॅसी आणि इंजिनाचे नंबर जुळणारी, अस्सल गाडी जास्त पैसे मिळवून देते. हे खरं आहे, आणि काही गाड्यांबाबत मी तो आक्षेप बिनशर्त मानतो. एमजीए ट्विन कॅम फक्त २१११ बनल्या. शोलावरमच्या किंवा जुहूच्या धावपट्टीवर शर्यत धावलेली, कागदपत्रं असलेली एखादी गाडी असेल तर तिच्यावरचा ओरखडासुद्धा पुरावा आहे. तिला हात लावू नये, तिची झीज तेवढी थांबवावी. पण एमजीए एकंदर १,०१,०८१ बनल्या आणि एमजीबी पाच लाखांहून जास्त. त्या मालिकेतली एक गंजलेली, तळ गेलेली, कोणाच्या तरी आजोबांची गाडी हे अजिंठ्याचं लेणं नव्हे. तिला लेण्याचे नियम लावले की ती दुरुस्तही होत नाही आणि विकलीही जात नाही, आणि शेवटी भंगारवाला वजन करून घेऊन जातो. प्रदूषणाचा मुद्दा काढणाऱ्यांना तर भिलाईतच उत्तर आहे: झोतभट्टीच्या वाटेने एक टन पोलाद करताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला पाचशे किलोमीटर फिरणारी गाडी मोडून नवी घडवणं हा हिशोब इथल्या माणसाला तरी पटू नये.

राहता राहिला नियम. व्हिंटेज नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते, आणि नव्या नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. छत्तीसगडमध्ये ‘सीजी व्हीए’. इथवर माझी तक्रार नाही. तक्रार ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांना व्याख्या नसल्याची आहे. रिबोअर केलेला ब्लॉक, स्लीव्ह घातलेला सिलिंडर, कडक सीटचं हेड, नवा तळ, त्याच मालिकेतल्या पुढच्या मॉडेलचे ब्रेक हे सगळं दुरुस्तीत धरायचं की बदलात, हे आज तपासणाऱ्या समितीच्या मर्जीवर आहे. साध्या गाड्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कडक आहेत, तसे असावेतही. रात्री फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरांना त्यांनीच आळा बसतो. पण तीच नजर पन्नास वर्षांच्या गाडीवर लावून भागणार नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने नियमाला एक परिशिष्ट जोडावं: काय दुरुस्ती समजायचं, कारखान्याने स्वतः केलेल्या कोणत्या सुधारणा मान्य, आणि परत काढता येणाऱ्या बदलांची नोंद कुठे करायची. चार पानांचं काम आहे.

तोवर ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी पडून आहे त्यांना विनंती. उत्साहाच्या भरात नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. अडकलेली पिस्टन रिंग तिथेच तुटते. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, आठवडाभर थांबा, मग हाताने फिरवून बघा. जे काही काढाल त्याला चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा, आणि गाडी कधी विकलीत तर तो खोकाही घेणाऱ्याच्या हवाली करा.